फिरंग, गरमी, गुप्तरोग : एका फोडाचा इतिहास

पुरुषाच्या लिंगावर फोड आला तर आमच्या दौंड-शिरूर भागात तो त्याला फोड म्हणत नाही. ‘उष्णता झाली’ म्हणतो, ‘तिकडे काहीतरी उठलंय’ म्हणतो. जुनी माणसे ‘गरमी’ म्हणत आणि आवाज खाली करत. कासुर्डी, यवत, पाटस या सोलापूर रस्त्यावरच्या गावांत भिंतींवर चुन्याने रंगवलेल्या जाहिरातींमध्ये मूळव्याध आणि भगंदराच्या शेजारी ‘गुप्तरोग’ हा शब्द मी लहानपणापासून वाचत आलो. मूळव्याध सांगायला लाजिरवाणी असली तरी ती गुप्त नाही. मग हाच रोग गुप्त का, आणि तो कोणापासून गुप्त, हा प्रश्न मला बरीच वर्षे पुरला आहे.

मी वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही. जुने वैद्यकग्रंथ, इंग्रजी अमदानीतले कायदे आणि मराठी नियतकालिके यांतून या फोडाचा माग काढणे एवढेच मी केले. त्यातून जे हाती लागले ते थोडक्यात असे : या फोडाला प्रत्येक काळाने नवे नाव दिले आणि प्रत्येक नावाने दोष दुसऱ्यावर ढकलला. उपचारही अनेक निघाले आणि बहुतेक सगळ्यांना ‘गुण’ आला. तरीही रोग चारशे वर्षे हलला नाही. या कोड्याचे उत्तर फोडाच्या स्वभावातच आहे, म्हणून आधी तो स्वभाव पाहू.

आपोआप भरणारा फोड

लिंगावर येणारा प्रत्येक फोड संबंधातूनच येतो असे नाही. खरजेच्या पुळ्या तिथे उठतात. साबण, मलम, तेल यांची प्रतिक्रिया उठते. तापावर किंवा अंगदुखीवर घेतलेल्या एखाद्या गोळीने शिश्नाच्या टोकाला काळपट-लाल चट्टा किंवा फोड येतो, आणि तीच गोळी पुन्हा घेतली की नेमका त्याच जागी पुन्हा येतो. सल्फाच्या आणि काही वेदनाशामक गोळ्यांनी असे होते हे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. घरात मात्र अशा निरपराध माणसावरही संशय घेतला जातो.

संबंधातून येणाऱ्यांत तीन प्रमुख आहेत. नागीण ज्या कुळातली, त्याच कुळातल्या हर्पिस विषाणूमुळे पाण्याचे बारीक फोड घोसाने येतात, आग होते, ते फुटतात आणि दोन-तीन आठवड्यांत बरे होतात. पुढे कधीही परत येतात. मृदू व्रणाची जखम मऊ असते आणि फार दुखते. तिच्याबरोबर जांघेत गाठ येते, तिला मराठीत ‘बद’ म्हणतात. तिसरा उपदंश, म्हणजे सिफिलिस, म्हणजेच जुन्या माणसांची गरमी. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी बहुधा एकच फोड येतो. त्याचा व्रण होतो, कडा कडक होतात, आणि तो दुखत नाही. तीन ते सहा आठवड्यांत तो काहीही न करता भरून येतो.

हे शेवटचे वाक्य या लेखाचा कणा आहे. गरमीचा फोड भरतो, रोग भरत नाही. जंतू रक्तात जातात, काही आठवड्यांनी अंगावर, तळहातांवर पुरळ उठते, तेही आपोआप जाते. मग वर्षानुवर्षे काहीच दिसत नाही. दहा, वीस वर्षांनी काहींच्या हृदयावर, मेंदूवर किंवा डोळ्यांवर घाला येतो. म्हणजे फोडावर कोणी चंदन लावले, कोणी सब्जा पाजला, कोणी अंगारा दिला, तरी महिन्या-दीड महिन्यात रुग्ण खडखडीत बरा होऊन आभार मानायला यायचाच. ज्या काळात जे औषध चालू असेल त्याला यश मिळाले, ते या कारणाने.

सुश्रुताचे निरीक्षण

सुश्रुतसंहितेत निदानस्थानाच्या बाराव्या अध्यायात उपदंशाचे वर्णन येते. कारणांत अतिसंबंध आहे, रोगग्रस्त स्त्रीशी संबंध आहे, तसेच नखादातांची इजा आणि संबंधानंतर न धुणे किंवा घाण पाण्याने धुणे हेही आहे. वात, पित्त, कफ, सन्निपात आणि रक्त असे पाच प्रकार सांगितले आहेत. आजचा सिफिलिस तो हाच, असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. पण सुश्रुताचा उपदंश हा त्या जागेच्या जखमांचा गट आहे. वर्षांनंतर हाडे आणि नाक खाणाऱ्या रोगाशी त्याने तो जोडलेला नाही. आज आपण सिफिलिसला उपदंश म्हणतो ते जुने नाव नव्या रोगाला चिकटवून.

मला अधिक रोचक वाटतो तो चौदावा अध्याय. त्याचा विषय शूकदोष. लिंगाचा आकार वाढवण्यासाठी शूक नावाच्या जलजंतूंचे लेप लावण्याची रीत त्या काळी होती. कामसूत्रातही असे प्रयोग येतात. त्या लेपांमुळे होणारे अठरा विकार सुश्रुताने नावानिशी दिले आहेत. मोहरीएवढ्या पुळ्यांपासून कातडी पिकण्यापर्यंत आणि स्पर्शज्ञान जाण्यापर्यंत ही यादी जाते. भिंतीवरची जाहिरात वाचून तेले लावणाऱ्या आजच्या तरुणाला हा अध्याय वाचून दाखवावा असा आहे. त्यात नीतीचा उपदेश नाही. काय लावले, काय झाले, पुढे काय करावे, एवढेच आहे. जखम त्रिफळ्याच्या काढ्याने धुण्याचा उपचार जुन्या वैद्यकात वारंवार येतो. त्यात निदान स्वच्छता तरी होती.

फिरंग्यांचा रोग

पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपात नवा भयंकर रोग पसरला. १४९५ च्या सुमारास नेपल्सला फ्रेंच फौजेत त्याने थैमान घातले. इटालियनांनी त्याला फ्रेंच रोग म्हटले, फ्रेंचांनी नेपल्सचा रोग, रशियनांनी पोलिश रोग. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला आणि त्यानंतरच्या काही दशकांत पोर्तुगीज गलबतांबरोबर हा रोग आपल्या किनाऱ्यावर रुजला. आपणही जगाची रीत पाळून त्याला शेजाऱ्याचे नाव दिले : फिरंग.

सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात फिरंगरोग स्वतंत्रपणे येतो. फिरंगी देशातल्या लोकांच्या संसर्गाने होतो म्हणून फिरंग, अशी व्युत्पत्ती तो देतो. त्याने तीन प्रकार केले : बाह्य, आभ्यंतर आणि दोन्ही मिळून. बाह्य फिरंग फोडासारखा, थोड्या वेदनेचा आणि बरा व्हायला सोपा. आभ्यंतर सांध्यांत शिरणारा. पुढच्या उपद्रवांत त्याने अशक्तपणा, नाक बसणे, हाडे सुकणे व वाकणे असे मोजले आहे. वरचा फोड आणि आतला रोग यांतले अंतर त्याने अचूक टिपले होते. हे जंतू सापडण्याच्या साडेतीनशे वर्षे आधीचे आहे.

औषध होते पारा. रसकापूर कणकेच्या गोळीत भरायचा, वरून लवंगेची पूड लावायची, आणि दाताला न लागता गोळी गिळायची. मीठ, आंबट, ऊन, श्रम आणि स्त्रीसंग वर्ज्य. दाताला लागू न देण्याची सूचना अनुभवातून आलेली आहे, कारण पाऱ्याने तोंड येते, लाळ गळते, दात हलतात. पाऱ्याने काहींना थोडाफार उपयोग झालाही असेल. पण फोड तसाही भरणारच होता आणि पाऱ्याचे विष मात्र अंगात राहत होते.

पाऱ्याला पर्याय म्हणून चोपचिनी आली. ही वेलीची मुळी चीनहून पोर्तुगीज व्यापारातून यायची. १५३४ मध्ये गोव्यात आलेला गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य तिच्याविषयी सविस्तर लिहितो. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचे येणे-जाणे होते. त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला आणि भारतात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत तो मोडतो. युरोपात तर सम्राट पाचव्या चार्ल्सने ही मुळी घेतली आणि शरीरशास्त्रज्ञ व्हेसालियसने १५४६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. फिरंगी रोग, चिनी मुळी, गोव्याचा छापखाना आणि नगरचा दरबार असा हा प्रवास आहे. आमच्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात चोपचिनी आजही मिळते. ती कशासाठी आली होती, हे मात्र घेणाऱ्याला माहीत नसते.

छावणी आणि बाईची तपासणी

घोडनदीकाठचे शिरूर इंग्रजांची मोठी छावणी होते. कोरेगावला लढलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री निघाली ती इथूनच. पुढे पुणे आणि खडकी इथे छावण्या वाढल्या. छावणीबरोबर बाजार आला, बाजाराबरोबर ‘लाल बाजार’, आणि त्याबरोबर गोऱ्या शिपायांत गरमी आणि परमा.

सरकारने काढलेला उपाय कायद्यांत स्पष्ट दिसतो. १८६४ च्या छावणी कायद्याने आणि १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने वेश्यांची नोंदणी, त्यांची ठरावीक मुदतीने शरीरतपासणी आणि रोग आढळल्यास ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या दवाखान्यात सक्तीने ठेवणे सुरू झाले. तपासणी चुकवली तर दंड किंवा कैद. मुंबई शहरात १८६८ चा कायदा १८७० मध्ये लागू झाला, लवकरच थांबवला गेला, १८८० मध्ये पुन्हा आला आणि १८८८ मध्ये रद्द झाला. या कायद्यात पुरुषासाठी एकही कलम नव्हते. ज्याच्या अंगावरच्या फोडामुळे हे सगळे चालले होते, त्याला कोणी नोंदवही दाखवली नाही.

परिणाम काय झाला? कायदा चालू असतानाही गोऱ्या फौजेतले या रोगांचे प्रमाण चढतच गेले, आणि १८९० नंतरच्या दशकात ते हजार शिपायांमागे वर्षाला पाचशेच्या वर पोचले. बाईला कोंडले आणि पुरुषाला मोकळे सोडले तर साखळी तुटत नाही, हे गणित साधे होते. याच दशकाच्या अखेरीस, कासुर्डीहून फार दूर नसलेल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदनाच्या जोडीने ‘कृपासदन’ काढले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या, अनेकदा रोगी होऊन आलेल्या स्त्रिया तिथे राहत. त्यांना तिथवर आणणाऱ्या पुरुषांसाठी कुठेच सदन नव्हते आणि त्याची कोणाला गरजही वाटली नाही.

प्रश्न विचारण्याची जागा

विज्ञान पुढे सरकत होते. १८८९ मध्ये मृदू व्रणाचा जंतू सापडला, १९०५ मध्ये सिफिलिसचा. १९०६ मध्ये रक्ततपासणी निघाली, १९१० मध्ये साल्वर्सन हे औषध. पण साल्वर्सनची सुई महिनोन्महिने घ्यावी लागे, ती महाग होती आणि विषारीही. गावातल्या माणसापर्यंत यातले काही पोचले नाही. त्याच्यापर्यंत पोचली ती जाहिरात.

या काळात मराठीत एकच माणूस उघडपणे बोलला. रघुनाथ धोंडो कर्वे. गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. पुढे ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तक लिहिले. जुलै १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक स्वतःच्या खिशाला खार लावून चालवले. गुप्तरोग ही पापाची शिक्षा नाही, तो जंतूंचा संसर्ग आहे आणि तो टाळता येतो, हा त्यांच्या विचाराचा पाया होता. त्या काळी सुधारकांनाही हे पचत नव्हते, कारण रोगाची भीती हा त्यांच्या नीतीचा आधार होता.

मला कर्व्यांचे सर्वांत मोठे काम वाटते ते वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे. नाव न सांगता, कोणासमोर उभे न राहता विचारण्याची ती जागा होती. नेमक्या त्याच सदरावर खटला झाला. १९३४ च्या त्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते अश्लील होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. बाबासाहेबांच्या चरित्रांत हा प्रसंग ओझरता येतो. मला तो मोठा वाटतो, कारण प्रश्न विचारणाऱ्या अनाम माणसाच्या बाजूने न्यायालयात कोणी उभे राहिले, ते तिथे.

पिंपरीचे पेनिसिलिन

१९४३ मध्ये अमेरिकेत पेनिसिलिनने सिफिलिस बरा होतो हे सिद्ध झाले. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. चारशे वर्षे ज्या रोगावर पारा खाल्ला, त्याचे खरे औषध पुण्याच्या वेशीवर बनू लागले. सुरुवातीच्या सिफिलिसला आजही बेंझाथिन पेनिसिलिनची २४ लाख युनिटची एक मात्रा पुरते.

योगायोग असा की १९५४ मध्येच औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी घालणारा कायदा झाला आणि त्यात गुप्तरोगांचा स्पष्ट उल्लेख आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा सांसर्गिक गुप्तरोग हे घटस्फोटाचे कारण ठरले, मात्र तो तीन वर्षे असल्याचे दाखवावे लागे. ही मुदतीची अट १९७६ मध्ये गेली. म्हणजे औषध, जाहिरातबंदी आणि बायकोचा हक्क ही तिन्ही दोन वर्षांत कागदावर आली. कर्वे १९५३ मध्ये गेले. त्यांना यातले काही पाहायला मिळाले नाही.

भिंतींवरच्या जाहिराती मात्र राहिल्या, कारण फोड आपोआप भरण्याचा गुण कोणत्याही कायद्याने बदलत नाही.

हमरस्ता

१९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण चेन्नईत आढळले, आणि १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. लिंगावरची जखम हे एचआयव्हीला उघडे दार असते, हे पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांतल्या अभ्यासांतूनही दिसले. सोलापूर रस्त्यासारख्या हमरस्त्यांवरचे ट्रकचालक तेव्हा अचानक सगळ्यांच्या नजरेत आले. पूर्वी लाल बाजारातली बाई दोषी होती, आता ट्रकवाला. नाव बदलले, बोट दाखवण्याची सवय तीच.

पुण्यातल्या रुग्णांच्या जखमांचा जंतुशोध घेणारा एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे चौथा हिस्सा जखमांत हर्पिस, त्याहून थोड्या कमींत मृदू व्रण आणि दहांतील एकात सिफिलिस आढळला. तिसरा हिस्सा जखमांत यांपैकी काहीच सापडले नाही. ‘गरमी’ या एका शब्दात आपण किती वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या, याचा हा पुरावा आहे. नुसत्या नजरेने निदान करणाऱ्यावर विश्वास का ठेवू नये, याचाही.

आज सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये रंगांनुसार औषधांचे संच मोफत मिळतात. हर्पिससारखे पाण्याचे फोड असतील तर लाल संच, त्यात असायक्लोव्हिर. इतर व्रणाला पांढरा संच, त्यात अझिथ्रोमायसिन आणि बेंझाथिन पेनिसिलिन. पेनिसिलिन न चालणाऱ्यांसाठी निळा, जांघेतल्या बदेसाठी काळा. सोबत रक्ततपासणी आणि समुपदेशन असते, आणि जोडीदारालाही आणायला सांगतात. पारा आणि चोपचिनीच्या मानाने हा केवढा पल्ला आहे! अडचण एवढीच की या दारापर्यंत यायला तोंड उघडावे लागते, आणि जोडीदाराला आणायचे तर घरातही ते उघडावे लागते.

घरातली बाजू

या इतिहासात एक नोंद जवळजवळ कुठेच मिळत नाही. ती बायकोची. नवऱ्याचा फोड भरला, तो बरा झाला, घर चालू राहिले. मग बायकोचे दिवस गेले आणि पोट पडले. पुन्हा राहिले आणि मूल मेलेले जन्मले. तिसऱ्यांदा जन्मले ते आठवड्यात गेले. गर्भवतीच्या रक्तातला सिफिलिस गर्भापर्यंत जातो आणि उपचार नसेल तर असे घडू शकते. अशी प्रत्येक घटना गरमीमुळे नव्हती. पण ज्या घरात ती गरमीमुळे होती, तिथेही दोष कुशीला गेला, नजरेला गेला, करणीला गेला. ‘हिला मूल टिकत नाही’ म्हणून दुसरी बायको आणली गेली आणि रोग तिच्यापर्यंत पोचायला मोकळा राहिला. फिरंग हे नाव परक्यावर गेले, गरमी हवेवर आणि आहारावर, आणि गुप्तरोग या नावाने तर बोलायचेच नाही असे ठरवून टाकले. ज्या व्यक्तीला सर्वांत आधी सांगायला हवे होते, तिच्यापासूनच तो गुप्त राहिला.

आज प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्भवतीच्या पहिल्या तपासण्यांत सिफिलिससाठीची रक्ततपासणी असते. दोष आढळला तर पेनिसिलिन देतात आणि बाळ वाचते. ही फार मोठी गोष्ट आहे. पण यामुळे आजही अनेक घरांत हा रोग आधी बाईच्या रक्तात सापडतो, तिच्या कार्डावर लिहिला जातो आणि मग नवऱ्याला बोलावणे जाते. तो येतोच असे नाही. १८६८ च्या कायद्यातली सक्ती आणि कोठडी गेली, आणि आजची तपासणी तिच्या भल्याची आहे, हा फरक मला मान्य आहे. तरी क्रम तोच राहिला आहे : आधी तिची तपासणी. तो बदलायला कायदा लागत नाही. फोड आला त्या आठवड्यात, तो आपोआप भरायच्या आत, पुरुषाने स्वतः दवाखान्याची पायरी चढली आणि घरी तसे सांगितले, तर एवढ्याने बदलेल.